गीतकाराचा स्वतःचा आवाज : रॉबर्ट हंटर यांचा १९७४ मधील एकल अल्बम

रॉक संगीतात गीतलेखन व गायन या दोन भूमिका बहुधा एकाच कलावंताकडे असतात. बॉब डिलन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. केवळ शब्द लिहिणारा, मंचावर वाद्य न घेणारा आणि तरीही बँडचा सभासद मानला जाणारा गीतकार हा अपवादच. कॅलिफोर्नियातील 'ग्रेटफुल डेड' या बँडचे रॉबर्ट हंटर (१९४१-२०१९) हे असे गीतकार होते. १९९४ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने या बँडचा सन्मान केला, तेव्हा वादकांच्या बरोबरीने हंटर यांचाही समावेश झाला. याच हंटर यांनी १९७४ मध्ये 'टेल्स ऑफ द ग्रेट रम रनर्स' हा अल्बम स्वतःच्या आवाजात काढला. गीताचा अर्थ शब्दांत किती आणि गळ्यात किती, हा प्रश्न त्या निमित्ताने तपासण्याजोगा आहे.

गायन हंटर यांना नवे नव्हते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ते व जेरी गार्सिया लोकगीते एकत्र गात असत. पुढे हंटर यांचे शब्द, गार्सिया यांची चाल व गार्सिया यांचाच गळा अशी विभागणी रूढ झाली. १९७० मधील 'वर्किंगमन्स डेड' व 'अमेरिकन ब्यूटी' हे अल्बम तिचे परिपक्व फळ होत. जुगारी, भटके, रेल्वेवरचे कामगार अशी पात्रे या गीतांतून बोलतात. निवेदक कवीहून वेगळा असतो. पण श्रोत्यांच्या मनात तो निवेदक गार्सिया यांच्या हळुवार, किंचित कापऱ्या स्वराशी एकरूप झाला होता.

तेरा गीतांच्या या अल्बममध्ये ते साहचर्य तुटते. खुद्द गार्सिया आणि बँडमधील इतर काही सहकारी साथीला आहेत, मात्र अग्रभागी आहे तो हंटर यांचा जाडसर, बोलण्याच्या जवळ जाणारा आवाज. तो सुरेल म्हणता येणार नाही. तथापि शब्दांवर त्याची पकड आहे.

'इट मस्ट हॅव बीन द रोझेस' हे गीत येथे विशेष विचारात घ्यावे लागते, कारण त्याचे शब्द व चाल दोन्ही हंटर यांची. त्याच वर्षी ग्रेटफुल डेडने ते मैफलींत गाण्यास आरंभ केला आणि १९७६ मध्ये गार्सिया यांनी ते आपल्या 'रिफ्लेक्शन्स' या अल्बममध्ये घेतले. गार्सिया यांच्या गायनात ते विलापिका बनते. हंटर यांच्याकडे ती एक सांगितलेली हकिकत राहते. दुःख आहे, पण ते आळवलेले नाही. बहुसंख्य रसिकांना गार्सिया यांचेच रूप प्रिय आहे, आणि ते स्वाभाविक होय. परंतु गीताची कथात्म बाजू कर्त्याच्या गायनात अधिक स्पष्ट होते, हेही नाकारता येत नाही.

१९७५ मध्ये हंटर यांचा 'टायगर रोझ' हा दुसरा अल्बम आला. त्याची निर्मिती गार्सिया यांनी केली होती. त्यातील आपल्या गायनाविषयी हंटर असमाधानी राहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पुनःप्रकाशित होताना त्यांनी मूळ वाद्यसंगीत कायम ठेवून सर्व गायन नव्याने ध्वनिमुद्रित केले. कवी दुसऱ्या आवृत्तीत शब्द सुधारतो. येथे गीतकाराने आपला आवाज सुधारून घेतला.