पाच डबे घ्यावेत की दोन?

कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणीचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक येते. अंदर मावळातला हा भाग भाताचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले ‘इंद्रायणी’ वाण इथल्या घराघरांत पोहोचले आहे. पाऊस नुकता धरला होता, आणि रोपे कशी उतरली आहेत ते पाहायला मी एका शेतकऱ्याच्या खाचरात गेलो होतो. रोपे चांगली होती. बोलणे मात्र रोपांवर फार वेळ टिकले नाही.

“साहेब, चहा घ्यायला घरी चला. पोरगं नऊ हजारांचं काहीतरी काढून बसलंय. तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा,” आबा म्हणाले.

नऊ हजार म्हणजे लावणीच्या मजुरीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा. मुलगा कॉलेजात, मुलगी बारावीला. दोघांच्या अभ्यासासाठी घरात कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या पोटातला आवाज अगदीच बारीक होता. मुलाचे म्हणणे, घ्यायचा तर ‘५.१’चा संच घ्यावा, म्हणजे सिनेमागृहासारखा आवाज चहूबाजूंनी येतो. मित्राचा तसलाच संच त्याने दोन दिवसांसाठी आणून मांडलाही होता.

वाचकहो, हा प्रश्न आता गावोगाव ऐकू येतो. मी शेतीचा माणूस, पण आवाजाच्या या खटाटोपाची आवड मला विद्यार्थिदशेपासून आहे. म्हणून जे समजले आहे ते सांगतो.

प्रथम त्या आकड्याचा अर्थ. पाच म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, समोर उजवा, मधला, आणि मागच्या अंगाचे दोन. ‘पॉइंट एक’ म्हणजे घुमणारा खालचा आवाज देणारा मोठा डबा, त्याला वूफर म्हणतात. ‘२.१’ म्हणजे दोन स्पीकर आणि वूफर. नुसते ‘२.०’ म्हणजे दोनच. सिनेमागृहात ही गोष्ट जुनी आहे. १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर आला तेव्हा त्याचा आवाज निरनिराळ्या बाजूंनी येत असे. आजच्या पद्धतीचा डिजिटल सहा वाटांचा आवाज १९९२ च्या सुमारास चित्रपटांत रुळू लागला.

यातली मेख अशी की सहा डबे असले म्हणजे सहा वाटांचा आवाज मिळतो असे नाही. तो मुळात चित्रफितीत भरलेला असावा लागतो. अनेक चित्रपटांच्या डीव्हीडीत तो असतो. पण मुलांचे तास, भजने, तमाशाचे वग, शेतीची माहिती असे जे आपण कॉम्प्युटरवर यूट्यूबवर पाहतो, ते बहुतेक दोनच वाटांचे असते. काही तर एकाच वाटेचे. पाटाला पाणीच दोन नळांचे असेल तर सहा सारे पाडून पीक वाढत नाही.

दुसरी मेख जोडणीची. सहा वाटा नेण्यासाठी कॉम्प्युटरला मागे तीन भोके लागतात, साधारणपणे हिरवे, काळे आणि नारिंगी. नाहीतर एचडीएमआयसारखी वेगळी सोय लागते. पुष्कळ लॅपटॉपना कानात घालायच्या यंत्राचे एकच भोक असते, त्यातून दोनच वाटा बाहेर पडतात. ब्लूटूथनेही सहसा दोनच जातात, शिवाय आवाज किंचित मागे राहतो आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असे होते. या मुलाने मित्राचा संच ब्लूटूथवरच जोडला होता. म्हणजे पाचही डब्यांतून तेच ते फिरून येत होते.

मी म्हटले, “लाव पाहू काहीतरी.” त्याने गाणे लावले. घर दणाणले, फळीवरची भांडी वाजली, आणि मुलगा माझ्याकडे अभिमानाने पाहू लागला. खोटे कशाला बोलू, मलाही क्षणभर मजा वाटली. मग मी भातावरच्या खोडकिडीची एक माहितीफीत लावायला सांगितली आणि आबांना विचारले, “काय सांगितलं त्यानं?”

आबा जरा ओशाळले. “आवाज लई मोठा हाय, पर शब्द कळंना.”

“आबांना हल्ली कमीच ऐकू येतं,” मुलगा म्हणाला. आबांनी मान खाली घातली. मुलीने वडिलांकडे पाहिले आणि चहाचे कप उचलले.

येथे थोडे थांबून सांगतो, कारण घरोघरी हेच होते. वय वाढले की कानातून आधी जातात ते बारीक, उंच आवाज. स, श, फ, त ही अक्षरे त्यांवरच ओळखली जातात. खालचा घुमारा शेवटपर्यंत ऐकू येतो. म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी नुसता आवाज वाढवला तर घुमारा वाढतो, शब्द तसेच बुडालेले राहतात, आणि माणूस मुकाट्याने खोलीतून उठून जातो. घरचे म्हणतात, त्यांना आवडत नाही. आवडत नाही असे नसते, त्यांना कळत नसते.

आम्ही मागचे दोन डबे बंद केले. वूफर कोपऱ्यातून बाहेर ओढला, कारण कोपऱ्यात घुमारा फुगतो, आणि त्याचे बटण जवळजवळ शेवटापर्यंत उतरवले. समोरचे दोन स्पीकर जमिनीवर होते ते टेबलावर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला घेतले. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांची मांडणी चुलीच्या तीन दगडांसारखी हवी, तिन्ही अंतरे सारखी. मग तीच फीत पुन्हा लावली, पहिल्यापेक्षा हळू. आबांनी पूर्ण वाक्य म्हणून दाखवले. एवढेच नव्हे, “ही शेंडे खुडायची गोष्ट तुम्ही आम्हाला मागंच सांगितली होती,” अशी मलाच आठवण करून दिली.

मागच्या डब्यांची जागा कानाच्या रेषेपेक्षा थोडी मागे, दोन्ही अंगांना असते. दहा बाय बाराच्या खोलीत कॉट मागच्या भिंतीला टेकलेली असते, तेथे मागे जागाच कोठे? कडेला बसलेल्याच्या कानाशी डबा येतो आणि त्याला दुसरे काही ऐकू येत नाही. मोठी खोली असेल, चित्रपटांची खरी हौस असेल आणि जोडणीची सोय असेल, तर ५.१ जरूर घ्यावे. त्यात मधला स्पीकर संवादांचा असतो आणि तो वेगळा वाढवता येतो, हा खरा गुण आहे. हौसेला मी नावे ठेवत नाही.

खोलीचेही ऐकावे लागते. रिकाम्या, सिमेंटच्या गुळगुळीत खोलीत टाळी वाजवा. ‘टण्’ असा उलट आवाज आला तर महागडा संचही तेथे फुकट. भिंतीला गोधडी टांगली, भाताची पोती रचली तरी फरक पडतो. टाकव्याच्या या घरात धान्याची खोली हीच आवाजाला सर्वांत चांगली निघाली, याचे सर्वांना हसू आले. पत्र्याखालच्या घरात आषाढाचा पाऊस कोसळू लागला की कोणताही स्पीकर हरतो. तेव्हा अभ्यासाला कानावरचा हेडफोन बरा, पण आवाज बेताचा ठेवून.

दुकानात गेलात तर ‘पीएमपीओ’ म्हणून लिहिलेल्या हजारो वॅटना भुलू नका, ‘आरएमएस’ किती ते विचारा. लहान खोलीला दर स्पीकरमागे दहा ते वीस वॅट पुरून उरतात. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम थोडा वाढतो. आपल्या ओळखीची माणसाच्या बोलण्याची फीत सोबत न्या. दुकानदार दणदणीत गाणे लावतो, ते ऐकून निवडू नका. घरी कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा, नाहीतर ‘घूंऽ’ असा आवाज येत राहतो, आणि अर्थिंग तपासून घ्या. वीज कडाडू लागण्याआधीच सगळे प्लग काढून ठेवा. तारा उंदरांच्या वाटेवर नकोत. पावसाळ्यात संच महिनोन्‌महिने झाकून ठेवू नये, अधूनमधून चालवावा, दमटपणाने कागदी पडद्यावर बुरशी धरते.

चहा पिताना मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या गावांत लोक एका रेडिओभोवती जमत, आठवड्यातून दोनदा शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. एका डब्यावर सगळे मंडळ. देशभरच्या रेडिओ शेतकरी मंडळांची सुरुवात तेथून झाली.

“तवा आमच्या वडलांनी ऐकलं आसंल,” आबा म्हणाले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःच मोबाईलवर हिशेब मांडला. लाकडी पेटीचे दोन चांगले स्पीकर साडेतीन-चार हजारांत बसत होते. “वूफर नंतर जोडता येईल का, काका?” त्याने विचारले. वूफरची वेगळी वाट असलेले मॉडेल घे, म्हणजे येईल, असे मी सांगितले. आबांचे कान वडगावला दाखवून आणायचे मुलीने अंगावर घेतले.

श्रावणात पुन्हा गेलो तेव्हा दोन स्पीकर टेबलावर होते, मागच्या भिंतीला जुनी गोधडी लटकत होती आणि लावणी उरकली होती. वूफरचे भात विकल्यावर पाहू, असे ठरले आहे.