मांडी घालून बसता येईल का?

मशीन डिझाईनच्या पेपरात लोड, मटेरिअल, फॅक्टर ऑफ सेफ्टी हे सगळं गणितात छापून आलेलं असतं. आपण फक्त आकडे फॉर्म्युल्यात टाकायचे. पण पेपराच्या बाहेर हा 'दिलेला डेटा' देतं कोण? 'जयपूर फूट'ची गोष्ट त्यासाठी बघण्यासारखी आहे.

१९६०च्या दशकात डॉ. प्रमोद करण सेठी हे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ होते. पाय गमावलेल्यांना तेव्हा परदेशी धाटणीचं 'सॅच' नावाचं कृत्रिम पाऊल बसवत. मधे कडक गाभा, टाचेला मऊ गादी, घोटा मात्र पक्का. बूट घालून सपाट फरशीवर चालायला उत्तम! पण पेशंट ते घेऊन गावी जायचे आणि थोड्याच दिवसांत बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या धरायचे.

दोष पेशंटचा नव्हता. आपल्याकडे माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, देवळात अनवाणी जातो, शेतकरी असेल तर तासन् तास चिखलात उभा असतो. बूट चिखलात किती टिकणार? उकिडवं बसायला घोटा पुढे वाकला पाहिजे, मांडीसाठी पाऊल वळलं पाहिजे, बांधावरून चालताना ते डावीउजवीकडे कललं पाहिजे. म्हणजे तिन्ही अक्षांभोवती हालचाल हवी. शिवाय अनवाणी दिसणार, तर दिसायलाही ते पाऊलच हवं, बोटांसकट. आजच्या भाषेत याला 'यूजर रिसर्च' म्हणतात. सेठींकडे त्यासाठी माणसं कशी बसतात-उठतात हे बघण्याची नजर होती, बस्स.

आता हे बनवायचं कोणी? इथे आले रामचंद्र शर्मा. शाळा जेमतेम शिकलेले, पण हातात कला असलेले कारागीर. हुबेहूब पाऊल घडवणं त्यांना अवघड नव्हतं. मटेरिअल मात्र सापडत नव्हतं. सांगतात की टायर रिमोल्डच्या दुकानात रबर कसं भाजतात ते पाहून त्यांना कल्पना सुचली. पहिलं भरीव रबराचं पाऊल फार जड आणि ताठर झालं. मग आतले भाग वेगळे केले. टाच आणि चवडा हलक्या स्पंज रबराचे, घोट्याला लाकडी ठोकळा, त्यांना बांधून ठेवायला टायरमधली नायलॉनची दोरी आणि वरून त्वचेच्या रंगाचं रबर. सगळं साच्यात घालून व्हल्कनाइझ करायचं. वरची नळी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, स्थानिक कारागिरांनी ठोकून केलेली. (पुढे तिच्या जागी एचडीपीई पाइप आला. हो, पाण्याच्या लाइनला वापरतात तोच!) १९६८ साली हे पाऊल तयार झालं आणि कोणीही बनवावं म्हणून त्याचं पेटंट घेतलं नाही.

१९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय अपघातामुळे कापावा लागला. जयपूर फूट लावून १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या, आणि नाचल्या त्या अर्थातच अनवाणी.

या पावलात उणिवाही आहेत. हाताने बनत असल्यामुळे एक नग दुसऱ्यासारखा तंतोतंत उतरत नाही आणि वजन थोडं जास्तच. तरी पेटीत पडून राहणाऱ्या अचूक पायापेक्षा चिखलात उतरणारा पाय बरा, असं माझं मत.

गुडघ्याच्या वर पाय गेला असेल तर अडचण आणखी मोठी, कारण सांधाच नसतो. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने जयपूरच्या संस्थेसाठी गुडघा बनवायला घेतला, तोही कोर्सचं प्रोजेक्ट म्हणून! आपण सेकंड इयरला घोकतो तीच फोर बार लिंकेज त्यांनी वापरली. त्यामुळे फिरण्याचा केंद्रबिंदू जागा बदलतो, आणि उभं असताना गुडघा अचानक दुमडत नाही. मटेरिअल तेल मुरवलेलं नायलॉन, म्हणजे वेगळं वंगण नको. २००९ साली 'टाइम' साप्ताहिकाने उत्तम शोधांच्या यादीत त्याला जागा दिली.

पण वापरणाऱ्यांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या. चालताना टकटक आवाज येतो, लोक वळून बघतात. आणि कपड्यांतून गुडघा चौकोनी दिसतो. स्ट्रेस अॅनालिसिसमध्ये यातलं काहीच दिसत नाही. पुढच्या आवृत्तीत गुडघ्याला गोलाई दिली आणि आवाज दाबायला रबराचा एक छोटा तुकडा बसवला.