साखर रक्तात, उपाय चुलीपाशी



आमच्या दवाखान्यात ताप, खोकला, जुलाब, बाळंतपण ही कामे नेहमीचीच. अलीकडे त्यांत ‘साखरे’ची भर पडली आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या माणसाला मधुमेह असल्याचे सांगितले की तो हमखास विचारतो, “सिस्टर, हा तर शेठ लोकांचा आजार. मी एवढा बारीक, मला कसा झाला?” हा प्रश्न तुमच्याही मनात येत असेल, म्हणून या अंकात त्याविषयी लिहिते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. शहरांत प्रमाण जास्त असले, तरी खेडी सुटलेली नाहीत. आपल्याकडे फार लठ्ठ नसलेल्या माणसालाही हा आजार होतो. हातपाय बारीक, पण पोट सुटलेले, अशांना अधिक. त्यातच पाड्यांवरचे ताट बदलले. ज्वारी, मका, भगर, उडीद मागे पडले. रेशनचा तांदूळ, गोड कोरा चहा आणि बिस्किटे पुढे आली. अगदी हडकुळ्या माणसाचा मधुमेह मात्र वेगळ्या प्रकारचाही असू शकतो. त्याला आहार कमी करायला सांगू नये, डॉक्टरांकडेच पाठवावे.

निदान कसे होते? उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा अधिक आली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणीही असते. तिचा आकडा ६.५ टक्के किंवा अधिक आला की मधुमेह समजतात. पण आमच्या भागात सिकलसेल आणि रक्तक्षय पुष्कळ. अशा रुग्णांत ही सरासरी फसवी निघू शकते, म्हणून आम्ही उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहतो.

निदान ऐकून काहीजण घाबरून जेवणच तोडतात. मग अशक्तपणा येतो, मजुरी बुडते. त्यांना मी ताटाचे तीन भाग करून दाखवते. अर्ध्या ताटात भाजी: अंबाडी, माठ, शेवग्याचा पाला, रानात मिळेल ती. पाव ताटात डाळ, उसळ, अंडे किंवा मासे. उरलेल्या पाव ताटात भाकर किंवा भात. आधी भाजी-डाळ खावी, भाकर-भात नंतर. साखर हळू चढते. “ज्वारी चांगली ना, मग चार भाकरी खाऊ?” असेही विचारतात. ज्वारी काय, नागली काय, धान्य ते धान्यच. भातापेक्षा भाकर बरी, पण मोजून. गूळ आणि मध साखरेचेच भाऊ. दारू आणि ताडीपासून दूर राहिलेले बरे.

एका आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंची उपाशीपोटी साखर १७२ होती. दिवसाला सहा-सात कप गोड चहा आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून खाल्लेला. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या: चहा बिनसाखरेचा आणि भात एक वाटी, सोबत वरण-भाजी भरपूर. रोज संध्याकाळी नदीपर्यंत फेरी. गोळी सुरूच होती. तीन महिन्यांनी साखर ११८ आली. “आता गोळी बंद करू?” या त्यांच्या प्रश्नाला उत्तर होते, डॉक्टर सांगेपर्यंत नाही.

व्यायामाचेही माणूस पाहून सांगावे लागते. डोंगर चढून सरपण आणणारीला वेगळा व्यायाम कशाला? पण दुकानात बसणाऱ्याने, जीप चालवणाऱ्याने आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरीही उपयोगी पडते. वजन जास्त असेल, तर ७० किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवले तरी फरक दिसतो. चालताना पायात चप्पल हवीच आणि रात्री तळवे पाहावेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

एक धोका ध्यानात ठेवा. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिले, तर साखर एकदम उतरते. ऊसतोडीला गेलेल्यांच्या बाबतीत हे होऊ शकते. तसेच उपवास-प्रार्थना करणाऱ्यांच्याही. थरथर, घाम, भोवळ जाणवली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, मग काही खावे. उपवासाआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तुमच्याकडे एक मागणे. नाताळात तुम्ही प्रेमाने पाड्यांसाठी बिस्किटांचे पुडे आणि साखर पाठवता. यंदा त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, तूरडाळ पाठवाल का? जमल्यास काही जोड चपलाही. मंडळीच्या चहापानातही बिनसाखरेच्या चहाचा एक थर्मास वेगळा ठेवा. आणि तुमचे वय तिशीच्या पुढे असेल, तर स्वतःची साखरही एकदा तपासून घ्या. सरकारी उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते.