नाममुद्रेचे मोल

बाजारात वस्तू घेताना तिच्यावरील नावाचेही मोल आपण देत असतो. ते किती द्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. टॅब्लेट संगणकाने मात्र तो सामान्य घरांच्या उंबरठ्यापाशी आणून ठेवला आहे. रायपूरची पुरानी बस्तीच घ्या. महामायेच्या मंदिराचा हा शहराचा जुना भाग. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसाचे या प्रदेशाशी नाते आहे. येथील एखाद्या मध्यम स्थितीच्या घरातील मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, की पाटीएवढे ते यंत्र ॲपलचे महाग घ्यावे, की निम्म्याहून कमी किमतीचे दुसरे घ्यावे, असा विचार घरात सुरू होतो.

या स्पर्धेचा इतिहास बोधप्रद आहे. ॲपलचा आयपॅड अमेरिकेत ३ एप्रिल २०१० रोजी विक्रीस आला आणि जानेवारी २०११ मध्ये भारतात. येथे त्याची किंमत २७,९०० रुपयांपासून पुढे होती. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा टॅब्लेट पुढे आणला. शासनाला तो सुमारे २,२५० रुपयांस पडत असे. म्हणजे बारापट अंतर! हेतू स्तुत्य होता; परंतु त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे, यंत्र मंद चाले आणि बॅटरी काही तासांतच संपे. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली या योजनेचे काम झाले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित 'आकाश' देशापुढे आला. त्याचा पडदा हलक्या स्पर्शाने चाले. परंतु पहिल्या अनुभवाने मनात बसलेला संशय सहजासहजी निघत नाही. निकृष्ट स्वस्त वस्तूने महाग नाममुद्रेचे जेवढे भले होते, तेवढे जाहिरातीनेही होत नसेल.

मग ग्राहकाची निष्ठा म्हणजे नेमके काय? तिच्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली विश्वास. २०१४ साली निघालेल्या आयपॅड एअर २ ला २०२१ पर्यंत नव्या प्रणाली मिळत राहिल्या. अशा सेवेने मिळविलेला विश्वास योग्यच होय. दुसरी सवय. हाताला जे वळण पडते, ते मोडण्याचा मनुष्यास कंटाळा असतो. तिसरी गोष्ट म्हणजे गुंतवणूक. ॲपलच्या दुकानातून पैसे देऊन घेतलेली ॲप्स अँड्रॉइडच्या यंत्रावर नेता येत नाहीत. वर्षागणिक हा पाश घट्ट होतो आणि अडकलेला ग्राहकही बाहेरून निष्ठावंतच दिसतो.

तरीही स्वस्त प्रतिस्पर्ध्यांनी बाजार पालटला, हे विसरून चालणार नाही. २०१२ मध्ये गूगलचा नेक्सस ७ हा टॅब्लेट १९९ डॉलरांस मिळू लागला. त्याच वर्षी ॲपलनेही ३२९ डॉलरांचा आयपॅड मिनी काढला. गार्टनर या संस्थेच्या गणनेनुसार, जगातील टॅब्लेटांच्या विक्रीत आयपॅडचा वाटा २०१२ साली सुमारे ५३ टक्के होता. तो २०१३ मध्ये ३६ टक्क्यांवर आला आणि अँड्रॉइडचा ६२ टक्क्यांवर गेला. २०१० साली ज्याची किंमत ४९९ डॉलरांपासून सुरू होत होती, त्या आयपॅडचा मोठ्या पडद्याचा नवा प्रकार २०१७ मध्ये ३२९ डॉलरांस आला. जे ग्राहक सोडून गेले, त्यांचा लाभ असा राहिलेल्यांनाही मिळाला.

तेव्हा पुरानी बस्तीतील त्या घराने हिशेब कसा करावा? किमतीला वापराच्या वर्षांनी भागावे. अठ्ठावीस हजारांचे यंत्र सात वर्षे चालले, तर वर्षाला चार हजार पडतात. दहा हजारांचे दोन वर्षांत निकामी झाले, तर पाच हजार. परंतु तेच चार वर्षे टिकले, तर अडीच हजार. म्हणून सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील आणि दुरुस्ती गावातच होईल काय, हे दुकानदारास आधी विचारावे. अर्थात या हिशेबाला एक मर्यादा आहे. अठ्ठावीस हजार एकरकमी हाती असणे हेच अनेकांना शक्य नसते आणि मग दुबळ्या वस्तू पुन्हा पुन्हा घेऊन गरिबालाच अधिक मोजावे लागते. व्याख्याने ऐकणे, पुस्तके वाचणे, टिपणे काढणे एवढ्यासाठी बेताच्या किमतीचा भरवशाचा टॅब्लेट पुरेसा असतो. तो घेताना मुलीला उणे वाटू नये, एवढी काळजी मात्र वडील मंडळींनी घ्यावी.