सातव्या सामन्याआधीची घालमेल

२० ऑक्टोबर २००४ या दिवशी अमेरिकेतील बॉस्टन शहराचे सारे लक्ष न्यूयॉर्कमधल्या एका मैदानाकडे लागले होते. बॉस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यँकीज या दोन बेसबॉल संघांमधला सातवा, म्हणजे शेवटचा सामना त्या रात्री व्हायचा होता. आधीच्या सहा सामन्यांत दोघांनी तीन-तीन जिंकले होते. या सामन्यात जो जिंकेल तो पुढच्या, अंतिम मालिकेत जाणार. जो हरेल त्याचा हंगाम तिथेच संपणार.

अशा सामन्याआधी खेळाच्या चाहत्यांची जी अवस्था होते ती आपल्या परिचयाची आहे. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, जेवण जात नाही. खरे तर तोवर मैदानात एक चेंडूही पडलेला नसतो. खेळणारे दुसरे असतात आणि आपण घरात खुर्चीवर बसलेले असतो. मग ही घालमेल कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर अर्धे गणितात आहे आणि अर्धे शरीरात. दोन्ही भाग शाळेत शिकवण्याजोगे आहेत.

आधी खेळाविषयी थोडे

बेसबॉलमध्ये पिचर चेंडू फेकतो, बॅटर तो टोलवतो आणि चार बेसची फेरी पुरी केली की एक धाव होते. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. या खेळात सामन्याला वेळेची मर्यादा नसते. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर दहावा, अकरावा असे जादा डाव खेळतात. मोसमाअखेरीच्या अशा मालिकेत सामना अनिर्णित राहत नाही; निकाल लागेपर्यंत खेळ चालतो. जास्तीत जास्त सात सामन्यांच्या मालिकेत जो संघ आधी चार सामने जिंकेल त्याची मालिका. चौथ्याच सामन्यात निकाल लागला तर पुढचे सामने होत नाहीत.

रेड सॉक्सने १९१८ नंतर अजिंक्यपद मिळवले नव्हते. १९१९ च्या अखेरीस या संघाने बेब रूथ हा आपला नामवंत खेळाडू यँकीजला विकला होता, आणि त्याचा शाप संघाला भोवतो आहे असे पुढे बोलले जाऊ लागले. २००३ साली हेच दोन संघ सातव्या सामन्यात भिडले होते. आठव्या डावात बॉस्टन ५-२ असे पुढे होते. यँकीजने बरोबरी साधली आणि अकराव्या डावात एका फटक्यावर सामना जिंकला.

२००४ मध्ये तर पहिले तिन्ही सामने यँकीजने घेतले. तिसरा तर १९-८ असा. चौथ्या सामन्यातही नवव्या डावात यँकीज ४-३ ने पुढे होते. तेव्हा बॉस्टनचा डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसवर चेंडू येण्याआधी पोचला आणि पुढच्या फटक्यावर त्याने बरोबरीची धाव घेतली. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून सामना जिंकून दिला. पाचवा सामना चौदा डाव चालला, तोही बॉस्टनने जिंकला. सहावाही जिंकला आणि ३-३ अशी बरोबरी झाली. त्यापूर्वी अशा मालिकांत पंचवीस संघ ०-३ असे मागे पडले होते. त्यांतल्या एकालाही सातव्या सामन्यापर्यंत पोचता आले नव्हते.

आशेचे गणित

दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत असे धरू. म्हणजे प्रत्येक सामना हा नाणेफेकीसारखा, जिंकण्याची शक्यता १/२. ०-३ असे मागे असलेल्या संघाला लागोपाठ चार सामने जिंकायला हवेत. त्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/१६. चौथा सामना जिंकल्यावर ती १/८ होते. पाचव्यानंतर १/४. सहाव्यानंतर १/२. प्रत्येक विजयाबरोबर आशा दुप्पट होत गेली.

आता प्रत्येक सामन्यावर किती अवलंबून होते ते पाहू. जिंकल्यास मालिका मिळण्याची शक्यता किती आणि हरल्यास किती, या दोहोंतील फरक म्हणजे त्या सामन्याचे ‘वजन’ असे म्हणू. चौथा सामना हरला तर शक्यता शून्य, जिंकला तर १/८. म्हणून वजन १/८. पाचव्याचे १/४, सहाव्याचे १/२. सातवा जिंकला तर शक्यता १, हरला तर ०. वजन पूर्ण १. मालिकेचा पहिला सामना यांच्याशी ताडून पाहावा. तो जिंकणाऱ्या संघाची शक्यता ४२/६४ होते आणि हरणाऱ्याची २२/६४ उरते. फरक २०/६४, म्हणजे एक तृतीयांशाहूनही थोडा कमी. सातव्या सामन्याचे वजन पहिल्याच्या तिपटीहून जास्त आहे. ‘निर्णायक’ या शब्दाचा गणिती अर्थ हाच.

तुल्यबळ संघांची मालिका सातव्या सामन्यापर्यंत कितीदा जाईल? त्यासाठी सहा सामन्यांनंतर ३-३ अशी बरोबरी हवी. सहा सामन्यांचे निकाल ६४ प्रकारे लागू शकतात. त्यांपैकी २० प्रकारांत बरोबरी होते. म्हणून शक्यता २०/६४, म्हणजे ५/१६.

अर्थात खरा सामना म्हणजे नाणे नव्हे. पिचर बदलतो, मैदान बदलते, खेळाडू जखमी होतात. तरीही हा साधा नमुना बरेच शिकवतो. उदाहरणार्थ, ०-३ वरून कोणी उठत नाही म्हणजे त्यामागे शाप किंवा खचलेले मन असलेच पाहिजे, असे वाटते. पण पंचवीस वेळा १/१६ ची संधी हुकण्याची शक्यता (१५/१६) चा पंचविसावा घात, म्हणजे सुमारे २० टक्के आहे. इतकी शक्यता असलेली गोष्ट घडली तर तिच्यासाठी वेगळे कारण शोधावेच लागते असे नाही.

दुसरे उदाहरण. एक संघ थोडा सरस आहे आणि शंभरांतले ५५ सामने जिंकतो असे धरले, तरी सात सामन्यांच्या मालिकेत तो शंभरांतून सुमारे ६१ वेळाच जिंकेल. सात सामन्यांवरून सरस कोण हे ठामपणे ठरत नाही. चाहत्याच्या धास्तीला हाही आधार आहे.

वर्गात करून पाहा

मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीने एक नाणे घ्यावे. एकाचा छापा, दुसऱ्याचा काटा. आधी चार वेळा ज्याचे येईल तो जिंकला. किती फेकींत निकाल लागला ते लिहावे. वर्गात मिळून अशा ४८ मालिका झाल्या, तर चार फेकींत संपणाऱ्या सुमारे ६, पाचांत १२, सहांत १५ आणि सातांत १५ मालिका अपेक्षित आहेत. प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील. ते फळ्यावर मांडून ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ यांतला फरक मुलांशी बोलावा.

यात आणखी एक भर घालता येईल. जिंकणाऱ्याला शाळा सुटण्याची घंटा वाजवायला मिळेल असे काही लहानसे बक्षीस ठेवावे. खेळ सुरू होण्यापूर्वी आणि ३-३ झाल्यावर सातव्या फेकीआधी मुलांनी आपल्या मनगटावरील नाडीचे ठोके अर्धा मिनिट मोजावेत. फरक दिसलाच पाहिजे असे नाही. जे दिसेल ते प्रामाणिकपणे नोंदवणे हा या प्रयोगाचा मोठा भाग आहे.

शरीराला काय कळते?

काहीतरी महत्त्वाचे घडणार आहे, अशी जाणीव मेंदूला झाली की स्वायत्त चेतासंस्था कामाला लागते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन रक्तात येते. हृदय जोरात धडधडते, स्नायूंकडे जास्त रक्त जाते, तळव्यांना घाम येतो, लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते. पचनाचे काम मंदावते, म्हणून भूक लागत नाही. ही सारी तयारी धावण्याची किंवा झुंजण्याची. खेळाडू मैदानात उतरतो आणि ही तयारी वापरतो. चाहत्याला मात्र खुर्ची सोडता येत नाही. गाडीचे इंजिन सुरू, पण गाडी जागच्या जागी, अशी त्याची स्थिती होते.

पण दुसऱ्याच्या खेळासाठी आपले शरीर का तयार होते? १९७६ साली रॉबर्ट सियाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणारे विद्यार्थी वाढत. विजयाचे वर्णन करताना ‘आम्ही’ हा शब्द जास्त वेळा येई. पराभवाचे वर्णन करताना कमी. संघाचे यश माणूस आपले मानतो. मग त्याची टांगणीही आपलीच होते.

आता पुन्हा त्या १/२ कडे येऊ. २००३ साली फियोरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर चित्र दिसे आणि काही क्षणांनी रसाचा घोट मिळे, किंवा मिळत नसे. कोणत्या चित्रानंतर रस मिळण्याची शक्यता किती, हे माकडे सरावाने शिकली होती. रस नक्की मिळणार किंवा नक्की मिळणार नाही अशा वेळी, वाट पाहण्याच्या काळात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी शांत असत. शक्यता मधली असली की त्यांची क्रिया निकालाच्या क्षणापर्यंत हळूहळू चढत जाई. ती सर्वांत जास्त केव्हा चढे? शक्यता १/२ असताना. माकडाच्या रसावरून माणसाच्या बेसबॉलविषयी थेट निष्कर्ष काढू नये. पण अनिश्चिततेची मेंदू वेगळी दखल घेतो आणि ३-३ ही स्थिती सर्वांत अनिश्चित असते, एवढे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

हा ताण नेहमीच निरुपद्रवी नसतो. २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. जर्मन संघाचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या २.६६ पट झाल्याचे २००८ मधील एका अभ्यासात आढळले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. घरातल्या आजारी चाहत्याने सामन्याच्या दिवशी औषध चुकवू नये, हे सांगायला एवढी माहिती पुरेशी आहे.

उलटी टोपी

काही करता येत नाही, तेव्हा माणूस काहीतरी करतोच. संघ मागे पडला की अमेरिकेतले चाहते आपल्या टोप्या उलट्या करून घालतात. कोणी ठरावीक जागेवरून उठत नाही, कोणी न धुतलेला सदरा घालतो. जॉर्ज ग्मेल्च हे स्वतः बेसबॉल खेळलेले मानववंशशास्त्रज्ञ. खेळाडूंचे तोडगे पिचिंग आणि बॅटिंगभोवती जास्त असतात, क्षेत्ररक्षणाभोवती फार कमी, असे त्यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. चांगला बॅटरही दहांतून तीन वेळाच यशस्वी होतो. क्षेत्ररक्षक मात्र शंभरांतून सत्त्याण्णव वेळा आपले काम चोख करतो. त्याआधी मालिनोव्हस्की यांनी ट्रोब्रिअँड बेटांवर हेच पाहिले होते. शांत खाडीतल्या मासेमारीसाठी मंत्रतंत्र नव्हते. खुल्या समुद्रात जाताना होते. जिथे हाती काही नाही तिथे तोडगा येतो. मुलांच्या परीक्षेच्या ‘लकी’ पेनाबद्दल वर्गात बोलताना हे उदाहरण उपयोगी पडेल. टिंगल न करता, तो पेन कशाच्या जागी आला आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

त्या रात्री काय झाले?

सातव्या सामन्यात पहिल्याच डावात ऑर्टिझने दोन धावा मिळवून दिल्या. दुसऱ्या डावात जॉनी डेमनच्या एका फटक्यावर चार धावा आल्या आणि ६-० झाले. बॉस्टनने सामना १०-३ असा जिंकला. अनिश्चितता दुसऱ्या डावातच बरीच ओसरली होती. तिचा कळस सामना सुरू होण्याआधीच होऊन गेला होता. मात्र मागच्या वर्षी हातचा गेलेला सामना ज्यांना आठवत होता, त्यांना ६-० हे अंतरही पुरेसे वाटले नसेल. मनातली शक्यता आणि कागदावरची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंतिम मालिकेत सेंट लुइसविरुद्ध रेड सॉक्सने पहिले तीन सामने जिंकले. चौथा २७ ऑक्टोबरच्या रात्री सेंट लुइसला होता. सामना चालू असतानाच आकाशात खग्रास चंद्रग्रहण लागले. ग्रहणाची वेळ खगोलशास्त्रज्ञांना कितीतरी वर्षे आधी मिनिटांच्या हिशेबाने ठाऊक होती. खाली मैदानात पुढचा चेंडू कुठे जाईल हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. बॉस्टनने तो सामना ३-० असा जिंकला आणि ८६ वर्षांनी अजिंक्यपद मिळवले.

चंद्र आणि चेंडू दोघेही न्यूटनचेच नियम पाळतात. मग एकाचे भाकीत करता येते आणि दुसऱ्याचे का येत नाही, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.