पांगुळगाडा : दुरुस्ती आणि जीर्णोद्धार

मोडक्या खेळण्याविषयी मराठीत दोन शब्द योजता येतात. ‘दुरुस्ती’ हा शब्द फारसी ‘दुरुस्त’ म्हणजे ‘बरोबर’ यापासून आला. संस्कृत ‘जीर्णोद्धार’ या शब्दात जीर्ण झालेले वर काढणे हा अर्थ आहे. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्या पिढीचा, आता माळ्यावर पडलेला तीनचाकी पांगुळगाडा घेतला, तर हा भेद स्पष्ट होतो.

लाकूड रेषांच्या दिशेने फारसे आटत नाही, आडवे आटते. म्हणून खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात फळीतून कापलेले चाक किंचित लंबगोल होते; वापराने आसाचे भोकही झिजते. नवे चाक घालणे ही दुरुस्ती होय. भोकात त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप सरसाने बसविणे हा जीर्णोद्धार. सरस ऊन पाण्याने सुटतो, त्यामुळे पुढे चूक सुधारता येते.

दांडी तासल्यास मुलांच्या हातांनी आलेली झिलई, म्हणजेच वापराचा पुरावा, नष्ट होतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो घासणे धोक्याचे, आणि असा गाडा मुलाला देणेही. तात्पर्य, गाडा चालवावयाचा की जपावयाचा, हे पटाशी हाती घेण्यापूर्वीच ठरावयास हवे.