शब्द शोधणारा भागाकार

ओ, पी, एस आणि टी ही चार इंग्रजी अक्षरे घ्या. त्यांच्या मांडण्या होतात 24, आणि त्यांतल्या सहा म्हणजे रीतसर इंग्रजी शब्द आहेत: स्टॉप, पोस्ट, स्पॉट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स. चार अक्षरांपुरते हे कागदावर जमून जाते. स्क्रॅबलच्या खेळात मात्र हाती सात अक्षरे असतात. सातही वेगळी निघाली तर मांडण्या 5,040. शब्दकोश इथे कामी येत नाही, कारण त्याची सगळी रचना पहिल्या अक्षरावर उभी असते आणि आपल्याला नेमके तेच ठाऊक नसते.

यावरचा उपाय म्हणजे शब्दातला क्रम विसरून जाणे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावायची. मग वरच्या सहाही शब्दांचे रूप एकच होते: ओ-पी-एस-टी. स्क्रॅबल खेळणारे या रूपाला अल्फाग्रॅम म्हणतात. अख्खा शब्दकोश एकदाच अशा रूपांनी लावून ठेवला की 5,040 वेळा शोधायची गरज उरत नाही, एका ठिकाणी पाहिले की झाले. अर्थाला इथे काहीच काम नसते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नव्हते, तरी 2015 मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद जिंकले. अक्षरांचे गट पाठ असणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पण प्रश्न जरा बदलला की अल्फाग्रॅम अडतो. सी, ए आणि टी ही तीन अक्षरे ज्यात आहेत असे सगळे शब्द हवे असतील, मग बाकीची अक्षरे कोणतीही असोत, तर काय करायचे? कॅडेट या शब्दात तिन्ही आहेत, पण त्याची अक्षरे क्रमाने लावली की मध्ये डी आणि ई घुसतात. इथे शाळेतल्या मूळ संख्या धावून येतात. ए ला 2 द्या, बी ला 3, सी ला 5, डी ला 7, ई ला 11, असे करत झेड ला सव्विसावी मूळ संख्या 101 मिळते. टी च्या वाट्याला येते 71. आता शब्द म्हणजे त्याच्या अक्षरांचा गुणाकार. कॅट म्हणजे 5 × 2 × 71 = 710. गुणाकारात क्रमाला किंमत नसते, म्हणून अ‍ॅक्ट हा शब्दही 710 च. कॅडेटची संख्या येते 54,670. तिला 710 ने भागा. भाग निःशेष जातो आणि उत्तर येते 77, म्हणजे 7 × 11, म्हणजे डी आणि ई. शब्द सापडतो, शिवाय उरलेली अक्षरेही हातात पडतात! कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे चुकीचा शब्द गळाला लागायची शक्यताच नाही. दोन टी हवे असतील तर 71 ने दोनदा भाग गेला पाहिजे, इतकेच. लांब शब्दांचे गुणाकार अवाढव्य होतात, ही या पद्धतीची खरी अडचण.

म्हणून संगणकावर बहुधा आणखी हलकी युक्ती वापरतात. 26 दिव्यांची एक रांग कल्पा. शब्दात जे अक्षर आहे त्याचा दिवा पेटलेला, बाकीचे विझलेले. दोन शब्दांच्या रांगा एकमेकींवर ठेवून दोन्हीकडे पेटलेला एकही दिवा नसेल, तर त्या शब्दांत सामाईक अक्षर नाही. ही तुलना संगणक एका झटक्यात करतो.

या युक्तीचा कस लागला तो 2022 मध्ये गाजलेल्या एका कोड्यात. प्रत्येकी पाच अक्षरांचे असे पाच इंग्रजी शब्द शोधायचे, की एकूण 25 अक्षरांत एकही दुसऱ्यांदा येऊ नये. गणिताचे लोकप्रिय सादरकर्ते मॅट पार्कर यांचा प्रोग्रॅम यासाठी महिनाभर चालला. त्यांनी तो जाहीर केल्यावर लोक त्यावर तुटून पडले आणि हा वेळ अखेर सेकंदाच्या लहानशा अंशावर आला. एवढा फरक वेगवान यंत्रांमुळे पडला नव्हता. 26 पैकी 25 अक्षरे वापरायची, म्हणजे एकच सोडता येते. तेव्हा सुरुवात दुर्मीळ अक्षरापासून करा. क्यू असलेला एखादा शब्द तरी घ्या, नाहीतर सोडायचे अक्षर क्यू च, असे ठरवून टाका. क्यू असलेले शब्द मोजकेच. मग त्याखालोखाल दुर्मीळ अक्षर घ्या. दर पायरीवर निवड इतकी आवळत जाते की अब्जावधी जोड्या न तपासताच बाद होतात. फ्योर्ड, गक्स, निम्फ, व्हायबेक्स आणि वॉल्ट्झ हे एक उत्तर, यात क्यू सुटला आहे. हे पाच शब्द मी इंग्रजी स्पेलिंगने लिहून एकेक अक्षर खोडत तपासले, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

मूळ संख्यांचा हा गुणाकार मराठीत करायचा म्हटला तर पहिल्याच पायरीवर थबकावे लागते. कमल आणि कलम यांचा गुणाकार एकच येईल, तिथवर ठीक. पण राम आणि रमा? संगणक काना हे वेगळे चिन्ह म्हणून साठवतो, त्यामुळे र, म आणि काना यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच. चिठ्ठ्यांवर अक्षरे लिहून खेळणाऱ्या मुलाला विचारा: एकाकडे रा आणि म, दुसऱ्याकडे र आणि मा, ही अक्षरे सारखी कशी? मला त्या मुलाचे म्हणणे पटते. मग रा ला स्वतःची मूळ संख्या द्यायला हवी, मा ला स्वतःची. 34 व्यंजनांची बाराखडी म्हणजे 408 संख्या, आणि जोडाक्षरांना अजून हातही लावलेला नाही.